मनगट मोडलंय: प्लेट, तारा की बाहेरून फ्रेम? अनुभव असलेल्यांनी लिहा

माशेलची_मनी | गुरुवार, सायं. ६.४०

नमस्कार मंडळी. घाईत लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

धाकट्या भावाची स्कूटर काल म्हार्दोळच्या अलीकडे पावसात घसरली. वय ३६. उजवा हात टेकून पडला. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं, मनगट गेलं. एक्स-रेमध्ये रेडियसचं, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतच्या अंगठ्याकडच्या हाडाचं, टोक मोडलेलं दिसतंय आणि सीटी स्कॅन करून आणलं तर सांध्याच्या आतल्या पृष्ठभागाचेच तुकडे झालेत म्हणे. सध्या अर्धं प्लास्टर आणि गळ्यात झोळी.

घोळ असा की दोन डॉक्टर, दोन मतं. पहिले म्हणतात प्लेट घालू, बोटं दुसऱ्या दिवसापासून हलतील. दुसरे म्हणतात सूज फार आहे, आधी बाहेरून फ्रेम लावून हाड ताणून धरू, पुढचं पुढे. घरात दोन तट पडलेत. आईला सळ्या बाहेर आलेला हात बघवणार नाही, वहिनीला प्लेट म्हणजे जन्मभर आत लोखंड. भाऊ सुतार आहे, रंधा मारायचा तर मनगट लागतंच. शिवाय देवळात पखवाज वाजवतो आणि चवथ तोंडावर आलीय. कामचलाऊ मनगट त्याला परवडणार नाही.

ज्यांनी यातलं काही करून घेतलंय त्यांनी सांगा. कोणी हाडांचे डॉक्टर असतील तर फारच उत्तम.

सुशेगाद_नाही | गुरुवार, सायं. ७.०५

प्लेट. विचार करू नका. माझा डावा हात असाच मोडला होता, तळव्याच्या बाजूने चीर देऊन टायटॅनियमची प्लेट घातली. पूर्ण भूल नाही, खांद्याजवळ इंजेक्शन देऊन फक्त हात बधिर केला. टाके निघायच्या आधीच मी पर्वरीच्या ऑफिसात बसून टाइप करत होतो. फ्रेम वगैरे जुन्या जमान्यातलं. आता कोण लावतं?

रातांबा | गुरुवार, सायं. ७.२२

@सुशेगाद_नाही, इतकं छातीठोक सांगू नका हो. माझं मनगट तारांवर जमलं. कातडीतूनच दोन-तीन तारा टोचल्या, वर प्लास्टर. चीर नाही, टाके नाहीत. पाच आठवड्यांनी ओपीडीतच पक्कडीने ओढून काढल्या. काढताना दुखण्यापेक्षा आवाजाचीच धास्ती जास्त. त्रास झाला तो एका तारेच्या तोंडाशी. पावसाळ्यात प्लास्टरच्या आत घाम येऊन ती जागा लाल झाली, थोडा पू आला, गोळ्या घ्याव्या लागल्या. आज फळ्यावर लिहिते, स्कूटर चालवते, वाळपई ते साखळी रोज.

फक्त माझं हाड सांध्याच्या वर मोडलं होतं, सांध्यात नव्हतं. मनीताईंच्या भावाचं वेगळं दिसतंय.

रात्रपाळी | गुरुवार, रात्री ८.१५

ऑर्थोमध्ये शिकतोय, ड्युटीवरून उठून लिहितोय. फिल्म पाहिलेली नाही, त्यामुळे हे कर, ते कर असं सांगणार नाही. पण मनीताई, प्लेट की फ्रेम हा दुसरा प्रश्न झाला. पहिला असा: भावाच्या अंगठ्याला, तर्जनीला, मधल्या बोटाला मुंग्या येतात का? बधिरपणा वाढतोय का? बोट दुसऱ्याने सरळ केलं तर कळ येते का? लगेच कळवा.

माशेलची_मनी | गुरुवार, रात्री ८.२१

मुंग्या आहेत. दुपारपासून अंगठा आणि बाजूची दोन बोटं जड झाल्यासारखी वाटतात म्हणतो. आम्हाला वाटलं प्लास्टर घट्ट झालंय. करंगळी ठीक आहे.

रात्रपाळी | गुरुवार, रात्री ८.२४

मग धागा नंतर. आत्ता निघा. जवळचं मोठं इस्पितळ, रात्री ऑपरेशन होऊ शकेल असं. गाडी नसेल तर १०८. पोचल्यावर पहिलं वाक्य हेच बोला की अंगठ्याकडची बोटं बधिर होत चालली आहेत आणि वाढतंय. प्लास्टर आतल्या कापसासकट कातडीपर्यंत उलगडायला सांगा. हात हृदयाच्या पातळीला ठेवा, फार वर टांगू नका. काही खायला-प्यायला देऊ नका.

माशेलची_मनी | गुरुवार, रात्री ८.२६

निघालो.

हळू_हळू | गुरुवार, रात्री ९.४०

मी फिजिओथेरपिस्ट, म्हापशाकडे. रात्रपाळींनी बरोबर नस पकडली. करंगळी ठीक आणि अंगठा-तर्जनी बधिर, म्हणजे मधली नस मनगटाच्या बोगद्यात दाबली जातेय. हाड मोडून आत रक्त साचलं की त्या अरुंद जागेतला दाब चढतो. असं तासातासाने वाढत असेल तर सकाळपर्यंत थांबायचं नसतं.

गावठी | गुरुवार, रात्री १०.०२

आमच्या पेडण्याकडे हाडवैद्य पिढ्यान् पिढ्या मनगटं बसवतात. बांबूच्या पट्ट्या, पाल्याचा लेप, तीन आठवड्यांत माणूस शेतात. माझ्या आज्याचा हात तसाच बसला. तुम्ही लोक लगेच सुरीच्या गोष्टी करता.

हळू_हळू | गुरुवार, रात्री १०.३०

आज्याचा हात बसला असेल, नाकारत नाही. न सरकलेलं हाड काहीही बांधलं तरी जुळतं, नाही बांधलं तरी पुष्कळदा जुळतं. माझ्याकडे येतात ते उरलेले. घट्ट पट्ट्यांखाली बोटं सुजून काळीनिळी झालेली, वर रोज तेल लावून जोरात चोळलेलं. मोडलेल्या सांध्याला मालीश करू नये, एवढं तरी पेडण्यात सांगा.

गावठी | गुरुवार, रात्री १०.३८

मालीश आमचा वैद्यही करत नाही. तो वेगळा, हे वेगळे. पण ठीक.

रात्रपाळी | शुक्रवार, पहाटे ५.५०

मनीताई येईपर्यंत वर पडलेल्या वादावर लिहितो. लांबणार आहे.

मनगटाचं हे हाड माणसं फार पूर्वीपासून मोडून घेत आली आहेत. डब्लिनच्या अब्राहम कॉलिस यांनी १८१४ मध्ये त्याचं वर्णन लिहिलं, तेव्हा एक्स-रे नव्हता, तो १८९५ चा. हाताला काट्याच्या पाठीसारखा बाक येतो तो हाच प्रकार. साधा कॉलिस असेल, हाड बाहेरूनच ओढून जागेवर येत असेल, तर उपाय बरेच आहेत आणि त्यांच्यात वाटतो तितका फरक नाही. ब्रिटनमध्ये ४६१ जणांवर तारा विरुद्ध प्लेट अशी चाचणी झाली, २०१४ मध्ये छापून आली. वर्षअखेर दुखणं आणि हाताचं काम, दोन्ही बाबतीत गट सारखेच निघाले. मग तिथल्याच लोकांनी पुढे जाऊन नुसतं प्लास्टर विरुद्ध तारा असं ५०० जणांवर पाहिलं, २०२२ मध्ये. वर्षअखेर पुन्हा तेच. मात्र प्लास्टरवाल्यांत १३ टक्के लोकांचं हाड पहिल्या सहा आठवड्यांत सरकलं आणि त्यांना ऑपरेशन करावंच लागलं. म्हणजे प्लास्टर निवडलंत तर पहिले दोन-तीन आठवडे दर आठवड्याला एक्स-रे चुकवायचा नाही, हा त्यातला खरा धडा. आपल्याकडे लोक नेमका तोच चुकवतात, कारण दुखायचं थांबलेलं असतं.

आता सुशेगाद_नाही यांनी हे वाचून उड्या मारू नयेत आणि रातांबा यांनीही नाही. या चाचण्यांत सांध्याचे तुकडे उघडूनच बसवावे लागतील असे रुग्ण घेतलेच नव्हते. मनीताईंच्या भावाचं हाड नेमकं त्या वगळलेल्यांतलं. तिथे हिशेब बदलतो. तरुण माणूस, सांध्याच्या पृष्ठभागात २ मिलिमीटरपेक्षा मोठी पायरी, हाड ३ मिलिमीटरपेक्षा जास्त आखूड झालेलं किंवा मागच्या बाजूला १० अंशांहून जास्त कललेलं, यातलं काही बसवूनही राहिलं तर ऑपरेशनकडे कल जातो. पायरी राहिली तर पुढे सांधा झिजतो.

प्लेटचे स्क्रू प्लेटमध्येच आटे घालून अडकतात, त्यामुळे भुसभुशीत हाडातही पकड राहते. तळव्याकडून जाताना मनगट वाकवणाऱ्या एका स्नायूबंधाच्या बाजूने चीर देतात, खालचा चौकोनी स्नायू उचलतात, प्लेट हाडाच्या कडेच्या अलीकडे बसवतात. कडेच्या पलीकडे गेली तर अंगठा वाकवणारा स्नायूबंध तिच्यावर घासत राहतो आणि महिन्यांनी, कधी वर्षांनी, तुटतो. स्क्रू लांब पडून पाठीमागे बाहेर आला तर अंगठा उचलणारा तुटतो. आणखी एक, तळव्याकडच्या आतल्या कोपऱ्यातला लहानसा तुकडा प्लेटखाली नीट सापडला नाही तर सगळं मनगट पुढे घसरतं. तिथे लहान हूकवाली प्लेट किंवा वेगळी तार लागते. तुकडे मागच्या बाजूला खचलेले असतील तर चीर मागून. दोन्हीकडून उघडावं लागण्याचे प्रसंगही येतात.

फ्रेम जुन्या जमान्यातली हे खरं नाही. एका टोकाच्या पिना तर्जनीच्या मागच्या तळहाताच्या हाडात, दुसऱ्या रेडियसच्या दांड्यात, मध्ये सळई. ताण दिला की आजूबाजूचे अस्थिबंध तुकड्यांना ओढून ओळीत आणतात. जखम उघडी असेल, सूज भयंकर असेल, माणूस इतर दुखापतींनी अत्यवस्थ असेल तेव्हा फ्रेमसारखं दुसरं काही नाही. पण ओढून खचलेला तुकडा वर येत नाही, त्याला आतून उचलावंच लागतं. आणि ताण जास्त दिला तर बोटं आखडतात.

सुशेगाद_नाही | शुक्रवार, सकाळी ८.१०

@रात्रपाळी, स्नायूबंध घासण्याचं वाचून पोटात गोळा आला. गेले काही महिने अंगठा वाकवताना आत कचकच होते, मी दुर्लक्ष करतोय.

रात्रपाळी | शुक्रवार, सकाळी ८.१४

करू नका. या आठवड्यात दाखवा, बाजूने एक्स-रे काढायला सांगा. हाड जुळलेलं असेल तर प्लेट काढता येते. स्नायूबंध तुटल्यावर काम मोठं होतं.

माशेलची_मनी | शुक्रवार, दुपारी १२.३०

मंडळी, आत्ता वेळ मिळाला. काल रात्री बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज) नेलं. प्लास्टर उलगडलं तेव्हा हात वांग्यासारखा जांभळा. तपासून लगेच आत घेतलं. बोगद्यावरचा पट्टा कापून नस मोकळी केली आणि बाहेरून फ्रेम लावली. प्लेट सूज उतरल्यावर, कातडीवर बारीक सुरकुत्या दिसायला लागल्या की, असं म्हणाले. म्हणजे दोघेही डॉक्टर आपापल्या परीने बरोबरच होते म्हणायचे, फक्त क्रम लावायचा राहिला होता.

सकाळी अंगठ्याला टाचणी टोचलेली कळली. आईने फ्रेम पाहिली, काही बोलली नाही. सगळ्यांचे आभार.

हळू_हळू | शुक्रवार, दुपारी १.०५

फार बरं वाटलं. आता माझं काम सुरू. बोटं आजपासून. पूर्ण मूठ, पूर्ण उघडणं, अंगठा प्रत्येक बोटाच्या टोकाला, दर जाग्या तासाला. कोपर आणि खांदाही, नाहीतर मनगट जुळतं आणि खांदा आखडतो. मनगट जमायला वेळ मिळतो, आखडलेली बोटं सोडवताना रुग्ण आणि मी दोघेही रडतो.

प्रमाणाबाहेर दुखणं, कातडी चकचकीत, हात घामेजलेला, कधी गरम कधी गार, कपडा लागला तरी सहन होत नाही, असं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता या. हा त्रास टाळायला क जीवनसत्त्व रोज ५०० मिलिग्रॅम ५० दिवस देण्याची पद्धत नेदरलँड्समधल्या अभ्यासावरून आली, पुढच्या अभ्यासांचा कौल मिश्र आहे. डॉक्टर देत असतील तर घ्या, पण गोळीच्या भरवशावर बोटं हलवायची सोडू नका.

आणि विडी-सिगारेट असेल तर बंद. हाड आणि जखम दोन्ही रेंगाळतात.

माशेलची_मनी | शुक्रवार, दुपारी १.२०

विडी आहे. वहिनीला हा प्रतिसाद दाखवलाय. पखवाजाचं विचारतोय.

हळू_हळू | शुक्रवार, दुपारी १.३१

यंदाच्या चवथीला पखवाज नाही. झांजही नाही. हार्मोनियमच्या पट्ट्यांवर उजव्या हाताची बोटं फिरवायला माझी हरकत नाही, भाता डाव्याने. सर्जनना विचारून.

माडाखाली | शुक्रवार, दुपारी ३.४५

आमच्या मामाचं लिहितो, उपयोगी पडेल. मामा पाडेली, माडावरून पडला. दोन्ही मनगटं आणि एक मांडी. उजव्या मनगटाचा अक्षरशः भुगा. त्यांनी लांब प्लेट मागच्या बाजूने घातली, एक टोक रेडियसवर, दुसरं मधल्या बोटाच्या तळहाताच्या हाडावर. मनगट पुलाखाली झोपवल्यासारखं, अजिबात हलत नाही. आम्ही घाबरलो की हात कायमचा लाकूड झाला. पण कारण पुढे कळलं. मांडीसाठी वॉकर धरायचा तर हातावर भार पडणार, आणि ही प्लेट तो भार पेलते. तीन महिन्यांनी ती काढली. आता मनगट निम्म्याहून थोडं जास्त वाकतं. माडावर चढत नाही, नारळ सोलतो.

रात्रपाळी | शुक्रवार, दुपारी ४.३०

@माडाखाली, उत्तम उदाहरण. ही पुलाची प्लेट म्हणजे कातडीच्या आत घातलेली फ्रेमच. पिनांच्या तोंडाशी पू होण्याचा त्रास नाही, पण काढायला दुसरं ऑपरेशन ठरलेलं.

गोलपोस्ट | शुक्रवार, रात्री ९.१५

सगळे रेडियसवर बोलताय म्हणून एक भर. फुटबॉल खेळायचो, गोलकीपर. बॉल अडवताना हात मागे दुमडला. एक्स-रे साफ. मुरगळलंय म्हणून क्रेप बँडेज देऊन घरी पाठवलं, कुठे ते लिहीत नाही. दुखणं राहिलं. पुढच्या मोसमात एमआरआय केला तर स्कॅफॉइड (अंगठ्याच्या बाजूचं मनगटातलं छोटं हाड) मोडून तसाच राहिलेला, जुळलाच नव्हता. मग कमरेच्या हाडाचा तुकडा काढून मधे भरला आणि स्क्रू. कमरेच्या जागेने मनगटापेक्षा जास्त दिवस छळलं.

अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी खळगा पडतो ना, तिथे दाबून दुखत असेल तर पहिल्या साफ एक्स-रेवर भरोसा ठेवू नका.

रात्रपाळी | शुक्रवार, रात्री १०.००

अगदी. या हाडाला रक्त टोकाकडून उलटं येतं, त्यामुळे कोपराकडचा तुकडा उपाशी राहून मरू शकतो. शंका असेल तर प्लास्टर घालून दहा-चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे, किंवा सरळ एमआरआय. मधोमध मोडून २ मिलिमीटरपर्यंतच सरकलेला असेल तर घाईने स्क्रू घालायची गरज नसते. ब्रिटनमध्ये ४३९ जणांवर तपासलं, २०२० मध्ये प्रसिद्ध झालं, वर्षाने प्लास्टर आणि स्क्रू सारखेच. अट एकच, प्लास्टरमध्ये जुळत नाही दिसलं की लगेच ऑपरेशन. कोपराकडच्या टोकाला मोडला असेल तर मात्र आधीच स्क्रू, आणि तोही बहुधा मागच्या बाजूने.

याहून फसवा प्रकार ल्युनेटच्या, म्हणजे मनगटाच्या मधल्या छोट्या हाडाच्या, भोवतालची हाडं निखळण्याचा. हाडं मोडलेली दिसत नाहीत, समोरून फिल्म बरी वाटते, बाजूच्या फिल्ममध्ये ल्युनेट कलंडलेला असतो. तिथे आधी तातडीने बसवणं, मग मागून उघडून अस्थिबंध शिवणं, नस दबली असेल तर पुढून वेगळी चीर. तिथे प्लेटबिट काही नाही, तारांनीच धरून ठेवतात. उशिरा आलं तर छोट्या हाडांची वरची ओळच काढून टाकणं, चार हाडं एकत्र जोडणं, नाहीतर सगळं मनगट जाम करणं, असे एकेक पर्याय उरतात. दुखणं जातं, हालचालही जाते.

जुने_हॉस्पिसियो | शनिवार, सकाळी ७.३०

माझ्या आईचं वय ७४. न्हाणीत पडली, मनगट वाकडं. मुलगा दुबईहून फोनवर प्लेट, प्लेट करत होता. मडगावच्या डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की या वयात फिल्म सुंदर दिसते प्लेटनंतर, पण वर्षाने हाताचं काम प्लास्टरवाल्यांइतकंच. प्लास्टरच ठेवलं. मनगट आजही किंचित तिरकं आहे, बांगडी एका बाजूला कलते. खवणीवर नारळ खोवते, मला ओरडायला तोच हात उगारते.

फक्त त्यांनी हाडांची घनता तपासून घेतली आणि ठिसूळपणाचं औषध चालू केलं. पुढची पडझड खुब्याची असते म्हणाले.

रातांबा | शनिवार, सकाळी ९.००

खर्चाचं कोणी लिहिलं नाही. मनीताई, दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड आहे ना? तीनपर्यंत माणसांच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख. फिजिओचं मात्र आधी विचारून घ्या, आणि कार्डाची मुदत बघा, आमची नेमकी संपलेली होती.

माशेलची_मनी | पुढचा शुक्रवार, रात्री ८.५०

सुरकुत्या दिसल्या. काल प्लेट झाली. पुढून मोठी, मागून एक लहान, कारण मागचा खचलेला तुकडा वर येईना. फ्रेम काढली. कार्डावर झालं. ऑपरेशनच्या आधी भावाने स्वतःच सर्जनना विचारलं की प्लेट कडेच्या अलीकडेच ना? ते हसले आणि फिल्मवर बोट ठेवून दाखवलं. वहिनीचा एकच प्रश्न उरलाय, प्लेट पुढे काढायची का?

रात्रपाळी | पुढचा शुक्रवार, रात्री ११.२०

पुढची त्रास देत नसेल तर नाही. मागची लहान बोटांच्या स्नायूबंधांखाली असते, तिथे कचकच किंवा दुखणं सुरू झालं तर हाड पक्कं जुळल्यावर काढतात. @सुशेगाद_नाही, तुमचं काय झालं?

सुशेगाद_नाही | पुढचा शनिवार, सकाळी १०.०५

दाखवलं. प्लेट कडेवर चढलीय. पुढच्या महिन्यात काढतायत. फ्रेमबद्दलचं माझं वरचं वाक्य संपादकांनी उडवलं तरी चालेल.